देवघरातील शंख

लक्ष्मीपूजन जवळ आले की बाजारात ‘दक्षिणावर्ती’ शंख झळकू लागतात. लक्ष्मी सागरकन्या आणि शंखही सागरातला. भाविकांचा ओढा स्वाभाविकच आहे. परंतु या खरेदीत पुष्कळ घरे फसतात, आणि अशा एका फसवणुकीस आमचाही हातभार लागला होता, म्हणून हा प्रपंच.

भागवतात पंचजन नामक दैत्य शंखरूपाने समुद्रात राहतो आणि त्याच्या अंगापासून भगवंतांना पांचजन्य मिळतो. ही कथा आम्ही आख्यानात कितीदा तरी लावली. पण शंख हे एका जिवाचे अंग आहे, ही त्यातील खूण उशिराच उमगली. आपल्या पूजेतील शंख म्हणजे एका मृदुकाय प्राण्याचे चुनामय कवच. मन्नारच्या आखातात, तुतिकोरीनच्या बाजूस, तो समुद्रतळाच्या वाळूत राहतो व वाळूतील कृमी खातो. जिवंतपणी त्यावर तपकिरी साल असते. ती काढल्यावर आतील शुभ्रता दिसते. मादी मेंढ्याच्या शिंगासारख्या पीळदार, कप्प्याकप्प्यांच्या कोशात अंडी घालते, आणि पिले बाहेर येतात तीच चिमुकले शंख पाठीवर घेऊन! जेम्स हॉर्नेल या मत्स्यशास्त्रज्ञाने १९१४ साली या एका शंखावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

आता उजव्या-डाव्याचा प्रश्न. ज्या पन्हळीतून अभिषेकाचे पाणी पडते, ते टोक वर व मुख आपल्याकडे करून शंख धरावा. नेहमीच्या शंखाचे मुख डावीकडे येते. उजवीकडे आले तर तो दक्षिणावर्ती. (प्राणिशास्त्रज्ञ शंख उलटा धरतात, म्हणून त्यांच्या लेखी आपला उजवा तो डावा.) असा शंख अतिशय दुर्मिळ असतो. मात्र अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर व मेक्सिकोच्या आखातात एक निराळीच जात आहे, तिचा पीळ सहसा असाच असतो. तिकडे तिचे अप्रूप नाही. टेक्सासने १९८७ साली तिला आपल्या राज्याचा शंख ठरविले. तीच कवचे इकडे दक्षिणावर्ती म्हणून विकली जातात. पारख सोपी आहे. मुखातून आत पाहावे : आपल्या शंखाच्या मधल्या खांबावर तीन-चार ठळक वळ्या असतात, त्या परदेशी कवचाचा खांब गुळगुळीत असतो.

एका यजमानांच्या घरी असाच शंख आम्ही मस्तकी लावून ‘अस्सल’ म्हटले होते. पुढे ही पारख कळल्यावर पुन्हा गेलो, आत पाहिले; खांब गुळगुळीत. घरच्या काकूंना सांगताना जीभ जड झाली. त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “बुवा, आता याचे काय करू?” आम्ही म्हटले, “राहू द्या. तोही सागराचाच आहे. फक्त कोणाला मोलाने देऊ नका.”

त्यांनी फडताळातून सासूबाईंचा जुना, कडेला टवका उडालेला शंख काढला, धुतला आणि अडणीवर ठेवून गंधफूल वाहिले. आम्ही वाकून आत पाहिले. वळ्या होत्या.