रजेतील धाव



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय निवडण्याची मोकळीक दिली, तेव्हा कामगार कायद्यावर बोलावे असा पहिला विचार मनात आला. परंतु ही व्याख्याने संपता संपता आपल्यापैकी निम्मी मंडळी गावची गाडी धरणार, हे ध्यानात आल्यावर मी तो विचार सोडला आणि एक लहान, पण रोजच्या उपयोगाचा विषय घेतला.

आपल्या नवी मुंबईत हल्ली पुष्कळजण सकाळी धावतात. वाशीचे सागर विहार, नेरुळच्या तलावाकाठचा रस्ता, खारघरचे सेंट्रल पार्क, पाम बीच रस्त्याची कड, कोठेही पहाटे साडेपाचला जाऊन पाहा. तेथे कचेरीतले कारकून आहेत, ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कामगार आहेत, बाजार समितीत ओझी वाहणाऱ्या माथाडींची मुलेही आहेत. वर्षाचे दहा महिने ही माणसे नेमाने धावतात. आणि मे महिन्यात किंवा गणपतीत गावी गेली की नेम मोडतो. परत आल्यावर काहीजण पुन्हा सुरू करतात, काहीजण उद्या-उद्या म्हणत कायमचे सोडतात, आणि काहीजण पहिल्याच दिवशी सगळी भरपाई करू पाहतात व पाय दुखावून बसतात.

मी यांपैकी तिसऱ्या वर्गातला. मी डॉक्टर नाही, व्यायामशिक्षकही नाही. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण संघटनेच्या कचेरीत कायद्याची पुस्तके वाचून झाले. रात्रीच्या पाळीच्या गेट-मीटिंगा, वेळीअवेळी जेवण आणि दिवसाला पंधरा कप गोड चहा, असे वीस वर्षे चालले. चव्वेचाळिसाव्या वर्षी रक्तात साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या मी देईन, पण पाय तुम्हालाच हलवावे लागतील." आधी चाललो, मग हळूहळू धावू लागलो. वर्षभरात आठवड्याला पाच दिवस, चाळीस मिनिटे, अशी सवय लागली. मग मे महिन्यात तीन आठवडे पाटण तालुक्यातील माझ्या गावी गेलो. तेथे एक दिवसही धावलो नाही. परत आलो त्याच्या दुसऱ्या पहाटे जणू काही घडलेच नाही अशा थाटात पूर्वीइतकाच पळालो. तिसऱ्या दिवशी पोटरी धरली. सहा आठवडे लंगडत होतो. तेवढ्यात साखर पुन्हा वर चढली. तीन आठवड्यांच्या विसाव्याने जे गेले नव्हते, ते एका सकाळच्या घाईने गेले. तेव्हापासून मी या प्रश्नाचा विचार करू लागलो.

प्रथम एका रास्त आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे. आमचा एक जुना सभासद मला म्हणाला, "साहेब, रजा ही आरामासाठी. तिच्यातही तुम्ही हजेरी मांडणार?" हा आक्षेप मी मोडीत काढणार नाही, कारण रजा ही काय चीज आहे हे आम्हाला ठाऊक आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची चळवळ केली, तेव्हा कोठे १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी पदरात पडली. भरपगारी रजेसाठी आणखी अर्धशतकाहून अधिक काळ थांबावे लागले. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने वर्षात २४० दिवस काम केलेल्या कामगाराला दर वीस दिवसांमागे एक दिवस, असा हिशेब घालून दिला. २०२० च्या संहितेत ही २४० दिवसांची अट १८० दिवसांवर आणली आहे. इतक्या कष्टाने मिळालेल्या दिवसांवर आपणच दुसरा मुकादम आणून बसवणे मला मान्य नाही. तेव्हा प्रश्न असा मांडला पाहिजे: रजेचा आराम न बिघडवता, कमीत कमी किती धावले म्हणजे वर्षभराची कमाई राहील?

या प्रश्नाचे उत्तर शास्त्रज्ञांनी बऱ्याच अंशी देऊन ठेवले आहे. आधी काय बिघडते ते पाहू. नियमित धावणाऱ्याच्या अंगात रक्तातील पाण्याचा अंश वाढलेला असतो, म्हणून हृदय एका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलते. व्यायाम थांबला की पहिल्या काही दिवसांतच हा अंश उतरू लागतो आणि त्याच कामाला हृदयाला अधिक ठोके मारावे लागतात. परत आल्यावर पहिल्या दिवशी धाप लागते ती यामुळे. अमेरिकेत एडवर्ड कॉइल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. कित्येक वर्षे कसून व्यायाम करणाऱ्या माणसांचा व्यायाम त्यांनी पूर्ण बंद केला आणि शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते हे मोजले. २१ दिवसांत ही शक्ती सुमारे ७ टक्क्यांनी घटली. ५६ दिवसांनी ती मूळच्या १६ टक्के खाली जाऊन स्थिरावली. म्हणजे तीन आठवड्यांत आभाळ कोसळत नाही. परंतु दोन महिने बसून राहिल्यास नुकसान खरे आहे.

आता राखावयाला किती लागते ते पाहू. शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठातील रॉबर्ट हिक्सन यांनी १९८१ ते १९८५ या काळात तीन प्रयोग प्रसिद्ध केले. माणसांकडून दहा आठवडे, आठवड्याचे सहा दिवस, रोज चाळीस मिनिटे कसून व्यायाम करून घेतला आणि पुढचे पंधरा आठवडे त्यात कपात केली. पहिल्या प्रयोगात दिवस कमी केले. सहाचे चार, काहींचे तर दोनच. तरी प्राणवायू वापरण्याची शक्ती टिकून राहिली. दुसऱ्यात दिवस तेच ठेवून मिनिटे कमी केली. चाळिसाची सव्वीस, काहींची तेरा. तरीही ती शक्ती टिकली, मात्र तेरा मिनिटे करणाऱ्यांचा लांब पल्ल्याचा दम थोडा कमी झाला. तिसऱ्यात दिवस आणि मिनिटे तीच ठेवली, पण जोर एक-तृतीयांशाने किंवा दोन-तृतीयांशाने उतरवला. तेव्हा मात्र शक्ती घसरली. तात्पर्य असे की दिवस कापले तरी चालते, मिनिटे कापली तरी चालते, पण जोर अगदीच सोडला तर चालत नाही. हे प्रयोग वेगवेगळे केलेले होते. दिवस व मिनिटे दोन्ही एकदम कापली तर सर्व काही तसेच राहील, असे त्यांवरून म्हणता येणार नाही. परंतु आपली रजा पंधरा आठवड्यांची थोडीच असते! दोन-तीन आठवड्यांपुरता आधार एवढ्यावर धरता येतो.

यावरून मी स्वतःपुरता बेत ठरवला. शहरात पाच दिवस चाळीस मिनिटे. रजेत तीन दिवस वीस मिनिटे, अगदी लग्नाचे घर असले तर दोन दिवस. त्या वीस मिनिटांत मधली चार-पाच मिनिटे नेहमीच्या वेगाने किंवा किंचित अधिक. आठवड्याला एक तास. उरलेले सगळे दिवस रजेचे. घरात आजी रात्री चुलीत निखारा राखेखाली झाकून ठेवत असे. सकाळी फुंकर मारली की पेटत असे. रात्रभर जाळ ठेवण्याची गरज नव्हती, आणि निखारा विझला तर शेजारी विस्तव मागायला जावे लागे. रजेतले धावणे तेवढ्याच कामाचे.

आता कोणी म्हणेल, आठवड्याला एक तास काय कठीण आहे? वेळेची अडचण गावी नसतेच. अडचण असते ती घड्याळाची. शहरात आपला दिवस पाळीने बांधलेला असतो. कंपनीची बस सव्वासातला येते म्हणून आपण पाचला उठतो. गावी ती दोरी तुटते. पहिल्या दिवशी प्रवासाचा शीण, दुसऱ्या दिवशी पाहुणे, तिसऱ्या दिवशी हळद, चौथ्या दिवशी लग्न. पाचव्या दिवशी बूट पिशवीतून निघतच नाहीत. कामावर खाडा पडला तर पगार कापला जातो, म्हणून तो आपल्या लक्षात राहतो. येथील खाडा कोणी मांडत नाही, म्हणून तो वाढत जातो. यावर उपाय असा की धावण्याला गावच्याच एखाद्या ठरलेल्या कामाशी बांधावे. सकाळी दूध आणावयाचे असेल तर ते आणण्यापूर्वी. शेतावर जावयाचे असेल तर तिकडेच धावत जाऊन चालत परत. आणि पोहोचल्याच्या दुसऱ्या सकाळी दहा मिनिटे का होईना, निघावे. पहिली सकाळ गेली की मग मुहूर्त सापडत नाही.

दुसरी अडचण लाजेची. माझ्या गावी पहिल्या वर्षी पारावर बसलेल्या एका म्हाताऱ्याने हाक मारली, "काय रं, कोण लागलंय मागं?" मी म्हणालो, "साखर लागलीय, आबा." ते हसले, आणि मग बराच वेळ स्वतःच्या साखरेविषयी बोलत राहिले. दोन-तीन दिवसांत गावाला सवय होते.

पुरुषाचे असे भागते. बाईचे भागत नाही. तुर्भ्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला असलेली आमची एक सभासद भगिनी नियमाने धावत असे. ती मला म्हणाली, "दादा, तुमची रजा ती रजा. मी सासरी गेले की माझी दुसरी पाळी सुरू होते. वीस माणसांचा चहा टाकायचा, की पळायला जायचं?" मजजवळ उत्तर नव्हते. उत्तर तिनेच काढले. गावच्या टेकडीवर देऊळ आहे, त्याला पायऱ्या आहेत. ती धाकट्या जावेला घेऊन पहाटे देवदर्शनाला जाते आणि त्या पायऱ्या दोनदा झपाट्याने चढते-उतरते. देवाला जाणाऱ्या सुनेला कोणी अडवत नाही. युक्ती चांगली आहे, परंतु तिला युक्ती करावी लागते हे चांगले नाही. त्या वीस मिनिटांचा चहा घरातल्या कोणा पुरुषाने टाकला, तर युक्तीची गरज उरणार नाही. व्यायामावर भाषण ऐकून जाणाऱ्या पुरुषांनी एवढे तरी घरी न्यावे.

काही व्यवहाराच्या गोष्टी. मे महिन्यात देशावर ऊन कोरडे आणि कडक असते. नव्या उन्हाची सवय व्हावयास शरीराला आठ ते चौदा दिवस लागतात. म्हणून सूर्य वर येण्यापूर्वीच धावून घ्यावे, आणि पहिले काही दिवस वेग थोडा कमी धरावा. गावच्या रस्त्याला पदपथ नसतो. तेथे उजव्या कडेने धावावे, म्हणजे समोरून येणारे वाहन दिसते. कुत्र्यांसाठी हातात काठी असावी. तिच्या धाकाने काम भागते. ज्यांना साखर आहे त्यांनी अनवाणी धावू नये, कारण पायाला काटा रुतला तरी कळत नाही. आणि गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर वेळ बदलण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे व खिशात साखर ठेवावी. छातीत दुखले किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर तेथेच थांबावे व डॉक्टर गाठावा.

घर सोडून दूर गेल्यावर धाव टिकत नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले आठवावेत. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी हा गडी बोटीने विलायतेस गेला, परक्या हवेत, परक्या अन्नावर सराव करीत राहिला, आणि मॅरेथॉन २ तास ५० मिनिटे व काही सेकंदांत पुरी करून एकोणिसावा आला. आपल्याला ऑलिंपिकला जावयाचे नाही. आपल्याला पाटणला, मालवणला किंवा जुन्नरला जाऊन परत यावयाचे आहे.

आणि परत आल्यावर काय? येथेच मी फसलो होतो, म्हणून हे अगदी नीट सांगतो. हृदय आणि फुफ्फुसे लवकर रुळावर येतात. पोटऱ्या, घोट्यामागची शीर आणि हाडे मागाहून येतात. दम आहे म्हणून पाय तयार आहेत असे समजू नये. रजेत निखारा जागता ठेवला असेल तर पहिल्या आठवड्यात नेहमीच्या तीन-चतुर्थांशाने सुरुवात करावी. तीन आठवडे पूर्ण खाडा झाला असेल तर पहिला आठवडा निम्मे आणि एकाआड एक दिवस, दुसरा तीन-चतुर्थांश, तिसऱ्यात पूर्ण. वेग सर्वांत शेवटी. खाडा झाला म्हणून स्वतःला शिक्षा करू नये. दुखावलेल्या पायाने कामावर गेलेला, किंवा त्यासाठी बिनपगारी घरी बसलेला कामगार मी पाहिला आहे. त्याची भरपाई कोणी करीत नाही.

नेम मालकाने घालून दिला तर ती हजेरी. आपणच घातला तर तो आपला. आपल्या नेमाला आपण मुरड घालू शकतो, आणि मुरड घातली तरी तो मोडत नाही. गावी जाताना पिशवीत आंब्यांसाठी जागा ठेवाच, पण धावण्याचे बूट तळाशी नको, वरच ठेवा. एवढे सांगून मी आपली रजा घेतो.