वसईच्या समुद्रातला वायू कोणाचा?

ठाण्याहून बाळकुम नाका आणि कशेळी मागे टाकून भिवंडीकडे निघालं की काल्हेर लागतं. दुतर्फा गोदामं, त्यांतून ये-जा करणारे कंटेनर आणि टेम्पो, आणि सीएनजीवर धावणाऱ्या रिक्षा. गावाला लागूनच खाडी आहे. उल्हास नदीचं हे पाणी घोडबंदरवरून वसईपाशी समुद्राला मिळतं. तिथून पश्चिमेला, मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे ८० किलोमीटरवर, समुद्रतळाखालच्या चुनखडीत देशातल्या मोठ्या नैसर्गिक वायुसाठ्यांपैकी एक आहे. नाव ‘बसीन’, वसईवरूनच पडलेलं.

ठाणे जिल्ह्याच्या इतक्या जवळचा हा वायू आधी गेला मात्र उत्तरेला. त्यामागचा इतिहास समजून घेण्यासारखा आहे.

१९६० च्या दशकात सोव्हिएत तज्ज्ञांच्या साथीने खंभातच्या आखातात आणि मुंबईसमोरच्या समुद्रात कृत्रिम कंपनलहरींनी सर्वेक्षण झालं. जपानमध्ये बांधलेल्या ‘सागर सम्राट’ या रिगने फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘मुंबई हाय’ या समुद्रातल्या क्षेत्रात तेल शोधलं. १९७३ च्या तेलसंकटाने देशाचं कंबरडं मोडलेलं असताना ही बातमी आली. २१ मे १९७६ रोजी उत्पादन सुरूही झालं. दोन वर्षांत तेल मिळालं, कारण ते टँकर जहाजात भरून आणता येत होतं. उरणपर्यंतची पाइपलाइन नंतर आली.

बसीनचा साठा १९७६ मध्ये सापडला, उत्पादन मात्र १९८८ मध्ये सुरू झालं. मधली बारा वर्षं कुठे गेली?

वायू पिंपात भरून ठेवता येत नाही. विहीर उघडायची तर त्याआधी पाइप हवा, आणि पाइपच्या दुसऱ्या टोकाला रोज ठरलेला वायू घेणारं गिऱ्हाईक हवं. मुंबई हायच्या तेलाबरोबर निघणारा बराच वायू सुरुवातीच्या काळात घेणारं कोणी नसल्यामुळे समुद्रावरच जाळून टाकावा लागत होता. त्यात बसीनचा वायू ‘आंबट’, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड असलेला. हा विषारी वायू काढून टाकल्याशिवाय तो वापरता येत नाही. म्हणून समुद्राखालून २०० किलोमीटरहून लांब पाइप टाकून तो गुजरातेत हजिऱ्याला नेला गेला. तिथे शुद्धीकरण प्रकल्प उभा राहिला. १९८४ मध्ये ‘गेल’ ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि हजिरा-विजयपूर-जगदीशपूर ही राज्याराज्यांतून जाणारी वाहिनी टाकली गेली. तिच्या काठाने खतकारखाने आणि वीजकेंद्रं वसली.

मिथेनमधून हायड्रोजन काढायचा, हवेतल्या नायट्रोजनशी त्याचा संयोग घडवून अमोनिया करायचा आणि त्यापासून युरिया. उत्तरेच्या गहू-भाताच्या शेतांत पडणाऱ्या युरियामागे अरबी समुद्रातला हा वायू आहे. महाराष्ट्रालाही वाटा मिळाला: उरणचं वीजकेंद्र आणि अलिबागजवळचा थळचा खतकारखाना मुंबई हायच्या वायूवरच उभे राहिले.

या साऱ्याची किंमत समुद्रावर राबणाऱ्यांनी मोजली आहे. जुहूहून हेलिकॉप्टरने जायचं, चौदा दिवस ड्युटी, चौदा दिवस सुट्टी. २७ जुलै २००५ रोजी, भर पावसाळ्यात, जखमी स्वयंपाक्याला प्लॅटफॉर्मवर चढवताना ‘समुद्र सुरक्षा’ हे जहाज वायूच्या उभ्या नळावर आदळलं. आग भडकली, मुंबई हाय नॉर्थचा प्लॅटफॉर्म बेचिराख झाला, २२ माणसं गेली. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात कामगार राहत असलेला ‘पी-३०५’ बार्ज बुडाला. त्यात आणि ‘वरप्रदा’ टगवर मिळून ८० हून अधिक बळी गेले, त्यांतले अनेक कंत्राटी कामगार होते. ऊर्जासुरक्षेच्या प्रत्येक भाषणात या माणसांचा उल्लेख व्हायला हवा.

मुंबई-ठाण्याकडच्या शहरांच्या वाट्याला वायू आला तो १९९५ मध्ये महानगर गॅस स्थापन झाल्यावर. भिवंडीही पुढे याच कंपनीच्या क्षेत्रात आली. पण मागणी वाढत गेली तसे जुने साठे उतरणीला लागले. आज देशाला लागणाऱ्या वायूपैकी जवळपास निम्मा द्रवरूपात जहाजांनी आयात होतो. देशाच्या एकूण ऊर्जेत वायूचा वाटा जेमतेम ६ टक्क्यांच्या आसपास आहे, तो २०३० पर्यंत १५ टक्क्यांवर नेण्याचं सरकारी उद्दिष्ट आहे. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सीएनजीसाठीचा स्वस्त देशी वायू दोनदा कापला गेला. जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीने मुंबई हायचं उत्पादन वाढवण्यासाठी ब्रिटनच्या ‘बीपी’ला तांत्रिक साहाय्यक म्हणून निवडल्याचं जाहीर झालं.

जे उरलं आहे ते कोणाला द्यायचं, हा आता खरा प्रश्न आहे. घरगुती शेगडी आणि गाड्या यांना सरकारी वाटपात प्राधान्य आहे, ते योग्यच. पण भिवंडीतल्या कापडधंद्यातल्या सायझिंग (सुताला खळ देणं) आणि डाईंगच्या (रंगाईच्या) बॉयलरना त्या स्वस्त दराचा वायू मिळत नाही. त्यांना बाजारभाव, म्हणजे बऱ्याच अंशी आयातीचा भाव, मोजावा लागतो आणि त्यापुढे कोळसा स्वस्त पडतो. त्यामुळे दारापर्यंत पाइप पोचला तरी चिमणीचा धूर थांबत नाही. या लहान कारखान्यांसाठी परवडणारा दर ठरवणं हे केंद्राच्या वायुवाटप धोरणातलं राहून गेलेलं काम आहे, आणि खाडीकाठच्या गावांनी ते मागून घ्यायला हवं.