मातीचे मावळे

दीपावली जवळ आली की जळगाव-धुळ्याच्या बाजारात पणत्यांच्या शेजारी मातीचे मावळे मांडलेले असत. कोणी ढाल-तलवार घेतलेला, कोणी भालदार, कोणी तुतारीवाला; आणि गडाच्या माथ्यावर बसविण्यासाठी शिवराय. अंगणात दगड-मातीचा किल्ला रचून मुले त्यांना पहाऱ्याच्या जागा वाटून देत.

या सैन्याचा कर्ता कुंभार. पोळ्याचे बैल आणि गणपती झाले की तो पणत्यांकडे व मावळ्यांकडे वळे. दोन भागांच्या साच्यात माती दाबायची, सांधा पुसायचा, वाळवून भाजायचे आणि मग रंग. साचा एकच असला तरी डोळे व मिशा कुंचल्याने काढलेल्या. त्यामुळे दोन मावळे कधी तंतोतंत सारखे नसत. त्यांवर कर्त्याचे नाव मात्र नसे.

लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने 1893 साली शिशाचे पोकळ सैनिक ओतण्यास प्रारंभ केला. साच्यातील रसाचा बाहेरचा थर गोठताच उरलेला रस परत ओतून घेत. धातू कमी, वजन कमी, म्हणून किंमतही कमी. हा हिशेब व्यापारी वाचकांस सांगणे नलगे. त्या सैनिकांवर कारखान्याचे नाव राहिले, म्हणून संग्राहक आजही ते शोधून जपतात. आपले मावळे दिवाळी सरताच किल्ल्याबरोबर मोडले, हरवले.

अहिंसेचे व्रत मानणाऱ्या घरात शस्त्रधारी खेळणे असावे का, हा वडीलधाऱ्यांचा प्रश्न क्षुल्लक नाही. सोमदेवसूरींच्या ‘यशस्तिलक’ ग्रंथात (इ. स. 959) यशोधर राजा पिठाचा कोंबडा बळी देतो आणि त्या संकल्पाचे फळ अनेक जन्म भोगतो. वस्तू निर्जीव असली तरी भाव निर्जीव नसतो, हा त्याचा बोध. खेळण्यातील सैनिकांच्या लढायांवर पुस्तक लिहिणारे एच. जी. वेल्स यांनीही 1913 मध्ये शेवटी खऱ्या युद्धाचा धिक्कारच केला; पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले.

आपल्या किल्ल्यावरचा मावळा कोणाला मारीत नाही, तो पहारा देतो. मुलांनी त्याला फोडण्याचा खेळ करू नये, एवढी मर्यादा घरातील मोठ्यांनी घालून द्यावी. भगवान महावीरांच्या निर्वाणाचा दीप त्याच अंगणात लावावा. आणि यंदा मावळे घेताना कुंभाराचे नाव विचारून ते बैठकीखाली लिहून ठेवावे. दिवाळीनंतर ते कापडात गुंडाळून ठेवले, तर नातवंडांना खेळण्याबरोबर त्याचा कर्ताही कळेल.