मारुतीच्या माळेतलं कुलूप

हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री छत्रपती संभाजीनगरहून खुलताबादकडे जाणारा रस्ता माणसांनी फुलून जातो. पंचवीसेक किलोमीटर पायी चालून लोक भद्रा मारुतीला जातात. या निजलेल्या मारुतीला वाहायची ती रुईची माळ. वर्षानुवर्षं आपण ती हातात धरतो, पण तिच्यातल्या एका तरी फुलात कधी डोकावून पाहिलंय?

रुई कुणी लावत नाही. बांधावर, दौलताबादच्या वाटेला, प्लॉटिंगसाठी टाकलेल्या मुरमात ती आपली आपणच उगवते. मे महिन्यात भोवतालचं गवत वाळून कुरकुरीत झालेलं असतं आणि ही मात्र हिरवी! मुळं खोल, पानं जाड, त्यांवर पांढरी लव. पान खुडलं की चीक ठिबकतो. गुरंही सहसा तोंड लावत नाहीत.

आता गंमत. ‘रुई’ म्हणून आपण ज्याला हाक मारतो, ती झुडपं दोन प्रकारची आहेत. ओळखायची कशी? पाकळ्या बघा. त्या पसरून मागे वळल्या असतील आणि फूल फिकट जांभळं किंवा पांढरं असेल, तर ती कॅलोट्रोपिस जायगँटिया. पाकळ्या वाटीसारख्या उभ्या आणि त्यांची टोकं गडद जांभळी असतील, तर ती कॅलोट्रोपिस प्रोसेरा. झालात की तुम्ही वनस्पती ओळखणारे!

पण खरी नवलाई पाकळ्यांच्या आत आहे. मधोमध पाच कंगोऱ्यांचा एक मुकुट दिसतो. हे कंगोरे होडीच्या तळासारखे. कॅलोट्रोपिस या नावाचा अर्थच मुळी ‘सुंदर नौकातळ’. पण परागकण कुठेत? जास्वंदीला बोट लावलं की पिवळी पूड लागते. इथे बोट फिरवून पाहा, काहीच लागत नाही. कारण रुई पराग सुटे ठेवतच नाही. ती त्यांच्या मेणचट पुड्या बांधते आणि कुलपात ठेवते!

मुकुटाच्या कडेला पाच बारीक उभ्या फटी असतात. प्रत्येक फटीच्या वरच्या टोकाला एक इवलासा काळपट चिमटा, आणि त्याला दोन बाजूंना लोंबणाऱ्या दोन पुड्या. त्यातही कमाल बघा: या दोन पुड्या एका परागकोशातल्या नसतात. एक डावीकडच्या शेजाऱ्याची, दुसरी उजवीकडच्या. जणू दोन घरांनी मिळून एकच पोतं भरलंय.

हे कुलूप उघडतो कोण? काळा, धिप्पाड भुंगा. तो मधासाठी फुलावर बसतो, त्याचा पाय फटीत घसरतो आणि पाय वर ओढताना चिमटा त्याला घट्ट बसतो. पुड्यांची जोडी घेऊन भुंगा उडाला. पुढच्या फुलावर पाय पुन्हा फटीत, आणि या वेळी पुडी आत अडकून राहते. टपाल पोचलं! अंगात बळ हवं म्हणून तर भुंगा लागतो. किरकोळ कीटकाला हा चिमटा उपटणं जड जातं.

अशाच पुड्या बांधणारं दुसरं घराणं म्हणजे ऑर्किड. या दोन घराण्यांतल्या फुलांचं फलन कसं होतं, याचा शोध घेत असताना रॉबर्ट ब्राउन या स्कॉटिश शास्त्रज्ञाला पेशींत एक गोल ठिपका पुन्हा पुन्हा दिसला. १८३१ साली त्याने त्याला नाव दिलं, न्यूक्लियस. शाळेत आपण रंगवतो ते पेशीकेंद्रक हेच! कॅलोट्रोपिस हे नावही ब्राउननेच दिलेलं.

टपाल पोचलं की फळ धरतं. वाळल्यावर ते उकलतं आणि रेशमी केसांची झुबकेदार बी वाऱ्यावर निघते. लहानपणी जिच्यामागे धावलो, ती हीच म्हातारी.

येत्या शनिवारी माळ ओवण्याआधी एक टवटवीत फूल बाजूला ठेवा. मुकुटाच्या फटीत टाचणीचं टोक घाला आणि हळूच वर ओढा. काळा ठिपका आणि त्याला लोंबणाऱ्या दोन पिवळ्या पुड्या टाचणीवर येतील. मग हात साबणाने स्वच्छ धुवा, कारण रुईचा चीक डोळ्याला फार वाईट.