डिझायरची डिकी कुणी कापली?

आज एकच आकडा: 4000 मिलिमीटर. आपला कार उद्योग गेली वीसेक वर्षं या फूटपट्टीवर नाचतोय.

झालं असं, 2006 च्या बजेटमध्ये छोट्या गाड्यांवरची एक्साइज 24 वरून 16 टक्क्यांवर आणली. छोटी म्हणजे लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन 1200 सीसीपर्यंत, डिझेल 1500. भारत छोट्या गाड्यांचं जागतिक केंद्र व्हावा, हा हेतू. चांगलाच होता.

कंपन्यांनी लगेच कात्री काढली. 2008 ची स्विफ्ट डिझायर 4160 मिमी लांब होती, 2012 ची 3995. कापलं कुठे? डिकीत! बाजूने बघा, मागचा भाग घाईत उरकल्यासारखा दिसतो.

सप्टेंबर 2025 पासून छोटीला 18 टक्के जीएसटी, मोठीला 40. एक सेंटिमीटर वाढलं की खेळ खल्लास.

आता स्पर्धेचं बघू. गुजरातमध्ये बनणारी मारुती फ्राँक्स 2024 पासून चक्क जपानला जाते. म्हणजे क्वालिटीत आपण कमी नाही. पण तिथे तिला 1.5 लिटरचं इंजिन मिळतं, आपल्याकडे 1.2 किंवा 1 लिटर टर्बो. बाहेरच्या गिऱ्हाइकाला आपल्या फूटपट्टीशी काय देणंघेणं? गाडी एक, इंजिनांचा खर्च मात्र वेगवेगळा. मला विचाराल तर लांबी सोडा, मायलेज आणि धूर मोजून टॅक्स लावा.

इलेक्ट्रिकला ही अटच नाही, लांबी कितीही असो, 5 टक्के. चाकणला बनणारी महिंद्राची बीई 6 बघा: 4371 मिमी, कुठेच कात्री नाही.