दोन आवाजांची शांतता

बदलापूरहून सीएसएमटीला लोकलने जायचं म्हणजे ६८ किलोमीटर! बायकांच्या डब्यात भाजी निवडून होते, हळदीकुंकवाचे बेत ठरतात. आणि हल्ली उल्हासनगर-अंबरनाथला चढणाऱ्या लेकीसुना कानात इवलंसं यंत्र घालून डोळे मिटून बसतात. गाणं लावलेलं नसलं तरी. विचारलं तर म्हणतात, "गाडीची घरघर बंद होते हो याने!"

गंमत अशी, मैत्रिणींनो, की हे यंत्र आवाजावर आणखी एक आवाज सोडतं.

खोटं वाटत असेल तर मोठ्या टपात पाणी घ्या. वीतभर अंतर ठेवून दोन बोटं एकाच ठेक्यात पाण्यावर टेकवा. दोन्हीकडून लाटा निघतील. उंचवट्याला उंचवटा भेटला की पाणी उसळतं. पण एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यात पडला की तिथलं पाणी जवळजवळ गप्प! मुलांच्या पुस्तकात याला 'व्यतिकरण' म्हणतात.

आवाज म्हणजे हवेतल्या लाटाच. यंत्रातला मायक्रोफोन घरघर टिपतो आणि लगेच तिच्या बरोबर उलटी लाट कानात सोडली जाते. १९७८ साली झ्यूरिकहून बोस्टनला जाताना विमानाच्या आवाजात संगीत नीट ऐकू येईना, तेव्हा अमर बोस यांनी (वडील बंगालचे बरं का!) प्रवासातच अशा हेडफोनची आकडेमोड सुरू केली.

जाड घरघरीची लाट तीन-साडेतीन मीटर लांब असते, तिला जोड जुळवणं सोपं. शिट्टीसारख्या बारीक आवाजाची लाट वीतभरही नसते. किंचित उशीर झाला की मेळ चुकला. म्हणून शेजारणीची बडबड ऐकू येतेच!

पण काळजीची गोष्ट पुढेच आहे. पूल चढायचा कंटाळा म्हणून कित्येकजणी रूळ ओलांडतात. १९८९ च्या रेल्वे कायद्याने, कलम १४७ प्रमाणे, तो गुन्हा आहेच. शिवाय लांबून येणाऱ्या गाडीची चाहूल लागते ती याच घरघरीने. आपण गाडीत आहोत की गाडी आपल्या अंगावर येतेय, यंत्राला काय कळणार? कानात घट्ट बसलेल्या रबरी टोपणामुळे हॉर्नही दबतो.

बाहेरचा आवाज आत घेण्याची सोय काही यंत्रांत असते. पण घाईत बटण कोण शोधतं? त्यापेक्षा उतरायचं स्टेशन आलं की डब्यातच ते काढून डबीत ठेवावं. आणि घरी फलाटावरून फोन आला तर आपणही लांबण लावू नये.