यंत्रशाळेत महिलांचे पाऊल

भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज, शिरोली येथील औद्योगिक वसाहतींत यंत्रांचे व मोटारींचे सुटे भाग तयार होतात. पूर्वी लेथची चाके हाताने फिरवून हे काम चाले आणि ते पुरुषांचेच, अशी समजूत रूढ झाली होती. 1952 साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत छिद्रपट्टीवरील अंकांनुसार चालणाऱ्या मिलिंग यंत्राचे प्रात्यक्षिक झाले आणि या व्यवसायाचे स्वरूप पालटू लागले. आजचे सीएनसी यंत्र हे त्याचेच विकसित रूप होय.

या यंत्राला आज्ञावली द्यावी लागते. 'जी 00' ही आज्ञा हत्यार वेगाने जागेवर नेते. 'जी 01' ठरावीक गतीने सरळ रेषेत कापते. 'एम 03' ने स्पिंडल फिरू लागतो. आराखडा वाचणे, हत्यारे बसविणे, पहिला जॉब मायक्रोमीटरने मोजणे व हत्यार झिजल्यास ऑफसेट दुरुस्त करणे, ही कामे चालकाची. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकी चूकही भाग बाद ठरवू शकते. येथे बाहुबळापेक्षा भूमितीचे ज्ञान व एकाग्रता अधिक उपयोगी पडते. 1946 साली जगापुढे आलेल्या 'एनिॲक' या संगणकाच्या पहिल्या आज्ञावलीकार सहा महिलाच होत्या, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

पूर्णवेळ नोकरीच्या मार्गात पाळीची अडचण मोठी होती. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 66 ने महिलांना सायंकाळी 7 ते सकाळी 6 या वेळेत काम करण्यास मनाई केली होती. मद्रास उच्च न्यायालयाने 2000 साली ही मनाई घटनाबाह्य ठरविली. 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने महिलांना सर्व प्रकारच्या कामांसाठी पात्र मानले असून, त्यांची संमती व सुरक्षिततेची व्यवस्था या अटींवर रात्रपाळीसही मुभा दिली आहे.

तथापि, केवळ कायद्याने प्रश्न सुटत नाही. महिलांना तपासणी व बांधणीपुरतेच ठेवले, तर आज्ञावली व सेटिंगचे कौशल्य त्यांच्या हाती येत नाही आणि बढतीची वाटही खुंटते. रात्री घरी पोचविणारे वाहन व पाळणाघर नसेल, तर शिकलेली मुलगीही नोकरी सोडते आणि तिच्या प्रशिक्षणावरील खर्च वाया जातो.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील टर्नर व मशिनिस्ट हे दोन वर्षांचे अभ्यासक्रम दहावी उत्तीर्ण मुलींना खुले आहेत. दहावीच्या निकालानंतर शिक्षकांनी गणितात गती असलेल्या मुलींच्या पालकांना या अभ्यासक्रमांची माहिती द्यावी. ग्रामपंचायत सदस्यांनी प्रवेशाच्या तारखा ग्रामसभेत वाचून दाखवाव्यात आणि संस्थेच्या वेळेस सोयीची एसटी मिळावी म्हणून आगाराकडे पाठपुरावा करावा. एवढ्या साध्या प्रयत्नानेही गावातील अनेक मुलींना यंत्रशाळेचे दार उघडता येईल.